स्वस्त रायफलचा दस्ता

आयर्लंडमध्ये वॉटरफोर्डबाहेर राहायला गेल्यावर शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला त्याच्या शेतात हरणांच्या शिकारीला यायची परवानगी दिली. २०२०च्या उन्हाळ्यात लायसन्स हातात आलं आणि मी त्या म्हाताऱ्यालाच घेऊन बंदुकांच्या दुकानात गेलो.

माझं बजेट बेताचं. एकाच रायफलला दोन पर्याय होते: काळा प्लॅस्टिकचा दस्ता, किंवा थोड्या जास्त किमतीत लाकडाचे थर चिकटवून केलेला जड दस्ता. म्हाताऱ्याने प्लॅस्टिकच्या दस्त्याचा नळीखालचा पुढचा भाग धरून दाबला. तो वाकून नळीला टेकला.

"हे नको घेऊस. नळी मोकळी राहायला हवी, दस्ता टेकला की गोळी भलतीकडे जाते," तो म्हणाला.

"ग्रँड आहे हो, काही बिघडत नाही, सगळे हीच नेतात," दुकानदार म्हणाला.

लॉकडाऊनमध्ये मी शेकडो रिव्ह्यू वाचले होते. त्या जोरावर मी म्हाताऱ्याला म्हटलं, "हलकी आहे, पावसात फुगणार नाही. तुमचा काळ वेगळा होता."

मी प्लॅस्टिकवालीच घेतली.

नेमबाजीच्या रेंजवर वाळूच्या पिशवीवर ठेवून झाडलेल्या गोळ्या जवळजवळ एकाच भोकात गेल्या. मी म्हाताऱ्याला फोटोही पाठवला.

सप्टेंबरात त्याच्या कुंपणाच्या फाटकावर दस्त्याचं पुढचं टोक टेकवून, अंगाचा भार टाकून मी नेम धरला. गोळी हरणाच्या खांद्याऐवजी पोटात लागली. हरीण धडपडत काटेरी झुडपात घुसलं. अंधार पडेपर्यंत मी आणि म्हातारा त्याच्या कुत्र्याला घेऊन शोधत राहिलो. सापडलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, ओढ्याकाठी. त्याने खुरांनी उकरलेली माती पाहून कळत होतं, लगेच मेलं नव्हतं.

म्हाताऱ्याने माझ्या हातातून रायफल घेतली, फाटकावर तशीच टेकवली आणि नळी व दस्त्याच्या फटीत कागदाची पट्टी सरकवली. पट्टी मध्येच अडली.

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"चूक माझीही आहे. मी तुला इथे येऊ दिलं," तो म्हणाला. "आता येऊ नकोस."

पुढच्या वर्षी मी लाकडी दस्ता मागवून बसवला. नळी मोकळी झाली. पण शिकारीला जायला दुसरं शेत मला कोणी दिलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी मागितलंही नाही. रस्त्यात भेटला की म्हातारा अजूनही नमस्कारादाखल स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. इथे तेवढं अनोळखी माणसालाही करतात.