विमानावरचा लाल पत्रा

मे महिन्याचा दुसरा रविवार. काम: कुलर सुरू करणे. एरवी हे काम बटण दाबण्याइतकंच आहे. पण नुकत्याच दुरुस्त होऊन आलेल्या माझ्या कुलरच्या बटणावर शुक्रवारपासून तळहाताएवढा लाल पत्रा लटकत होता. त्यावर पांढऱ्या रंगात ‘आदमी काम पर है, चालू न करें’ असं लिहिलेलं होतं, आणि तो आदमी, म्हणजे माझे व्याही, जामुलला स्वतःच्या घरी आरामात चहा पीत असणार, याची मला खात्री होती.

दुरुस्तीला आमच्या व्याह्यांइतका घाबरणारा माणूस भिलाईतच काय, सगळ्या छत्तीसगडात सापडायचा नाही. गंमत अशी की या माणसाने चौतीस वर्षं इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये विजेची दुरुस्तीच केली. की केली म्हणूनच घाबरतात, कोण जाणे. त्यांचं तत्त्वज्ञान एका वाक्याचं आहे: “बिगडलेली वस्तू खोटं नाई बोलत, विहीणबाई. दुरुस्त केलेली बोलते.” माझ्या घरी आले की ते आधी फ्रिजला टेस्टर लावतात आणि मग मला नमस्कार करतात. पहिल्या भेटीत, मुलगी बघायला आले होते तेव्हा, कांदेपोह्यांची बशी हातात धरून त्यांनी माझ्याकडे अत्यंत करुणेनं पाहिलं. मला वाटलं, हुंड्याचं काढतात. ते म्हणाले, “तुमच्या घरात अर्थिंगच नाई. तुमी जगून कशा राहिल्या?” मी स्थळ तिथेच पक्कं केलं.

लाल पत्र्याची रीत प्लांटची. मशीनवर माणूस काम करत असला की स्विचवर त्याच्या नावाचा पत्रा लागतो, आणि ज्याने लावला त्यानेच तो काढायचा. दुसऱ्याने हात लावायचा नाही, मग तो साहेब असो की साहेबाचा साहेब. ही रीत प्लांटमध्ये माणसं वाचवते, हे मला मान्य आहे. पण व्याह्यांनी रिटायर झाल्यावर डालड्याचे डबे कापून असे बारा पत्रे घरीच बनवले आणि ती रीत सगळ्या नातेवाइकांना लागू केली. आमच्या मुलांच्या लग्नात गोरज मुहूर्ताच्या जरा आधी जनरेटर बंद पडला. मंडपवाल्याने तो पाच मिनिटांत दुरुस्त केला. पाच मिनिटांत केला, हाच त्याचा गुन्हा. वरपित्याने फेटा सावरत जनरेटरवर पत्रा लटकवला आणि सगळा खोलून पाहायला बसले. मंगलाष्टकं मोबाइलच्या उजेडात झाली. मी तणतणत गेले तर म्हणाले, “कावून रागावता? पयले लोकं कंदिलात लग्न नाई लावत होते?” उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तर कहर केला. डॉक्टर म्हणाले, स्वच्छ दिसेल, बघा आता. हे महिनाभर तो डोळा मिटून, न केलेल्या धूसर डोळ्याने दुर्गपर्यंत स्कूटर चालवायचे. “नवी दुरुस्ती आहे. लगेच लोड नाई टाकत.”

तर त्या रविवारी सकाळी साडेसहालाच ते स्कूटर घेऊन दारात हजर झाले. अंगात इस्त्रीचा सफारी, जो मी लग्नानंतर प्रथमच पाहिला. “कुलर?” मी विचारलं. “कुलर मंग. पयले विमान,” ते म्हणाले.

हे विमान दुर्गच्या एका राइस मिलवाल्या शेठचं. चार आसनांचं, हौसेनं घेतलेलं, गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेलं. शेठने ते विकायचं ठरवलं होतं आणि विकण्यापूर्वी बाहेरगावचे मेकॅनिक आणून त्याची सगळी देखभाल, रंगरंगोटी करवून घेतली होती. तेव्हापासून विमानाच्या अंगात आलं होतं. पंखावरचा दिवा लावला की पेट्रोलचा काटा फुल्ल दाखवायचा. रेडिओवर बोलायला बटण दाबलं की तो दिवा मालवायचा आणि काटा रिकाम्यावर यायचा. मेकॅनिक म्हणत, काटा बदला. कोणीतरी शेठला व्याह्यांचं नाव सुचवलं. व्याह्यांना विमानाला हात लावायचा परवाना नाही, म्हणून ते दोन्ही हात पाठीमागे बांधून विमानाभोवती दोन तास फिरले आणि म्हणाले, “काट्याले काई नाई झालं. यायनं सांगाड्याले रंग मारला आन् अर्थची पट्टी रंगावरच कसली. करंटाले घरी जायले रस्ता नाई, म्हणून ते लोकाच्या घरात घुसून राहिलं.” पट्टीखालचा रंग खरवडायला सांगून त्यांनी विमानाच्या मुख्य स्विचवर पत्रा लटकवला. त्यांना मोबदला नको होता. त्यांनी एकच गोष्ट मागितली होती: विमान जायच्या आधी एक चक्कर. ज्या प्लांटमध्ये चौतीस वर्षं काढली, तो वरून, पूर्ण असा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. आतून मुंगीला बैल दिसतो तसा दिसला, तेवढाच. ती चक्कर त्या रविवारी होती. दुपारी विमान घ्यायला नवा मालक येणार होता. माझ्या विहीणबाईंनी विमानात बसायला साफ नकार दिल्यामुळे सोबतीला मी.

शेडमध्ये शेठ, त्यांचा वयस्कर पायलट आणि घासूनपुसून चकचकीत विमान. मेकॅनिक काम करून गेले होते. व्याह्यांनी पत्रा काढला आणि बाहेरची बॅटरी जोडून, सगळे दिवे, रेडिओ, पंखा एकदम लावून एक तास बघायचं म्हणाले. काटा आपल्या जागी शहाण्यासारखा उभा होता. दहा मिनिटं झाली, वीस झाली. शेठ घड्याळ बघू लागले. पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही सगळेच भाजून निघत होतो. व्याही तेवढे पुढच्या सीटवर सफारीत ताठ बसून होते. मांडीवर हात, जणू उडालेच आहेत. पन्नास मिनिटं झाली तेव्हा शेठ म्हणाले, “दादा, अब तो हो गया ना? चलिए, घुमा लाते हैं.”

व्याह्यांनी उजवा डोळा मिटला. मग हळूच म्हणाले, “हालला.”

मला काही दिसलं नव्हतं. पायलटलाही नाही. शेठ तर उखडलेच. “क्या हिला? आपकी तो आँख का ऑपरेशन हुआ है!”

“म्हणूनच जुन्या डोळ्यानं पायलं,” व्याही म्हणाले.

“सोच लीजिए. आज नहीं तो फिर कभी नहीं.”

मी त्यांच्याकडे पाहत होते. काटा हालला हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं. पंधरा मिनिटांची चक्कर होती. गप्प बसले असते तर कोणाला कळणार होतं? ते काचेतून समोरच्या धावपट्टीकडे एकदा बघून आले, नजरेनंच. मग खिशातून पत्रा काढून त्यांनी स्विचला अडकवला आणि खाली उतरले. पायलटने कानावरचे हेडफोन काढून सीटवर ठेवले. “शेठ, मैं टैग पर नहीं उड़ता,” एवढंच म्हणाला आणि चहाला निघून गेला. शेठ आम्हाला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. परतताना स्कूटरवर व्याही एकदाच बोलले: “सफारी उगाच इस्तरी केला.” कुलरचं मी काढलंच नाही. दिवसभर पुठ्ठ्याने वारा घेतला.

सोमवारी सकाळी पायलटचा फोन आला. नव्या मालकाने लाल पत्रा पाहून उडायला नकार दिला होता. मेकॅनिकला परत बोलावून उघडलं, तर शेपटीकडच्या दुसऱ्या पट्टीखाली रंगच रंग. आता विमान पंख काढून ट्रेलरवर, रस्त्याने जाणार होतं. पत्रा काढायची कोणाची हिंमत झाली नाही, तोही सोबत चालला होता.

मी स्कूटी काढली, जामुलहून व्याह्यांना उचललं आणि सरळ लेकीच्या इमारतीत नेलं. आठ मजले आहेत. लिफ्टजवळ कागद चिकटवला होता: सर्व्हिसिंग झाली आहे. व्याह्यांनी तो वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि जिन्याकडे वळले. आम्ही आठ मजले चढलो. माझे गुडघे आजही त्यांना माफ करत नाहीत.

गच्चीवरून प्लांट दिसतो. सगळा नाही. डावीकडचा भाग झाडांमागे जातो. ते कठड्याला धरून उभे राहिले, दोन्ही डोळे उघडे ठेवून.

“एवढुसाच आहे?” ते म्हणाले.

मी म्हटलं, “लांबून तसंच दिसतं.”

“मधातल्या चिमणीवरचा लाइट दिवसाही चालू आहे. कोनाचं लक्ष नाई.” आणि त्यांनी कालच्याच सफारीच्या बाहीने उजवा डोळा पुसला. नवी दुरुस्ती, त्रास देत असेल.

खाली उतरून आम्ही माझ्या घरी गेलो. त्यांनी फ्रिजला टेस्टर लावला, कुलर उघडून पुन्हा बंद केला, पत्रा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, “लावा आता.” मी बटण दाबलं.