दादाची लढत, माझा कॅमेरा

वसंतदादा गेला ही बातमी मला सगळ्यांच्या नंतर कळली. बँक सुटल्यावर घरी जाता जाता इथे बहरीनला, हूऱ्यातल्या नेहमीच्या दुकानात मी कढीपत्ता घ्यायला थांबलो होतो. दुकानदार केरळचा, एरवी हसतमुख माणूस. त्यानं कढीपत्त्याची जुडी बाजूला ठेवली, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "साब, वसंतभाई..." आणि तो रडायलाच लागला. सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये दुपारी दादाच्या छातीत कळ आली, हातातली वेल्डिंगची काच खाली ठेवून तो भिंतीला टेकून बसला आणि संपला. त्याच्या कामगार-कॅम्पवरच्यांनी बँकेत फोन केला होता, पण मी निघून गेलो होतो. तोवर सगळं सलमाबाद, हूऱ्यातले सगळे ड्रायव्हर, रिफ्यात बंगल्यांवर काम करणारी आपली माणसं, सगळ्यांना ठाऊक झालं होतं. सख्खा भाऊ तेवढा कढीपत्ता निवडत उभा होता. खरं सांगतो, त्या क्षणी दुःखाच्या आधी दुसरंच काहीतरी मनात आलं... ह्यातसुद्धा मी मागेच.

आमचं गाव साताऱ्याकडचं. तिथे पोरगं जरा अंगानं भरलं की त्याला तालमीत घालायचं, ही रीत. आमचे वडील, आबा, पलटणीतून हवालदार होऊन परत आले ते मात्र बॉक्सिंगचे चामडी ग्लोव्हज घेऊन. गाव हसलं. आबांनी भाताच्या तुसानं भरलेलं पोतं गोठ्याच्या तुळईला टांगलं आणि आम्हा दोघा भावांना रोज सकाळी त्याच्यासमोर उभं केलं. मी दादापेक्षा दोन वर्षांनी लहान. माझे पाय चपळ होते, हे मी आजही म्हणतो. पण एक दिवस आबांनी माझ्या हातातले ग्लोव्हज काढले आणि म्हणाले, "शिऱ्या, तू पुस्तकं बघ. तुझं डोकं चांगलं हाय." घरातल्या सगळ्यांना वाटलं, केवढं कौतुक केलं धाकट्याचं! मी ओसरीवर अंकगणित घेऊन बसायचो आणि गोठ्यातून धप् धप् असा आवाज यायचा, मध्येच आबांचं "शाब्बास रं!" त्या शब्दासाठी मी वर्गात पहिला नंबर काढला, शिष्यवृत्ती काढली. आबा गुणपत्रिकेवर सही करायचे आणि गोठ्यात निघून जायचे.

दादा जिल्ह्यात जिंकला, मग पुण्यात, मग मुंबईत. पेपरात त्याचा फोटो आला. देशपातळीच्या निवड चाचणीचं बोलावणं आलं, त्याच पावसाळ्यात आबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. बहिणीचं लग्न ठरलेलं, माझं कॉलेज चालू, आणि आई म्हशी विकायची भाषा करू लागलेली. मी म्हणालो, मी कॉलेज सोडतो. अगदी मनापासून म्हणालो होतो. दादानं ऐकूनच घेतलं नाही. मुंबईत राहून वेल्डिंग शिकला, एका ओळखीतून बहरीनचा व्हिसा मिळवला आणि चाचणीला न जाता विमानात बसला. त्याच्या जिवावर घर उभं राहिलं, बहिणीचं लग्न झालं, मी बी. कॉम. झालो. लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा. मला वाटायचं, हेसुद्धा त्यानंच करायचं का? घरासाठी काही सोडायची माझी एकच वेळ आली होती, आणि तीही त्यानं माझ्या हातातून काढून घेतली... आबांनी ग्लोव्हज काढले होते तशी.

पाच वर्षांनी मीही बहरीनला आलो, मनामातल्या एका बँकेत अकाउंटंट म्हणून. बायको नलिनी आणि मुलगी मंजू बरोबर होत्या. हूऱ्यात दोन खोल्यांचा फ्लॅट, एसी, टाय. दादा सलमाबादच्या कॅम्पवर सहा जणांच्या खोलीत, त्याची बायको गावी आबांपाशी. मला वाटलं होतं, इथे तरी मी त्याच्यापेक्षा दोन बोटं वर असेन. पण इथल्या मराठी मंडळात माझी ओळख झाली ती "वसंताचा भाऊ" अशी. कुणाचा पासपोर्ट मालकानं अडवला, कुणाच्या गावी मयत झाली, कुणाला पत्र लिहिण्याचा कंटाळा आला, सगळे दादाकडे. मजकूर मात्र दादा माझ्याकडून लिहून घ्यायचा, आणि दुवा त्याला मिळायची.

शुक्रवारी सुट्टी. दादा जेवायला यायचा. मंजू इंग्रजी शाळेत जायची. मी मराठीत विचारलं की "येस, बाबा" नाहीतर "नो, बाबा" एवढंच उत्तर. पण दारात दादाच्या चपला वाजल्या की ही पोरगी आतून ओरडत यायची, "काका आला! काका, मला उचल!" आणि मग तासभर अस्सल सातारी. "काका, तू लई उशीर करतूस!" हे तिला मी शिकवलेलं नव्हतं. माझी मुलगी माझ्या भाषेत बोलायची ती दुसऱ्याच्या मांडीवर बसून. नलिनी म्हणायची, "अहो, लेकराला लळा लागलाय, त्यात एवढं काय?" त्यात एवढं काय, हे मला कधीच धड सांगता आलं नाही.

आम्ही व्हीसीआर घेतला त्या वर्षीची गोष्ट. दादा एका शुक्रवारी येताना दुकानातून एक कॅसेट घेऊन आला. वरचं चित्र बघून आणलेली. कुठल्याशा परदेशी बॉक्सरच्या आयुष्यावरचा सिनेमा. दादाला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मंजू त्याच्या मांडीवर बसून एकेक वाक्य मराठीत सांगत होती. "काका, त्याच्या घरात जेवण न्हाई... काका, ती म्हणते, तू म्हातारा झालास... आता तो म्हणतो, मी परत लढणार." दादा पडद्यावरून नजर काढत नव्हता. सिनेमा संपल्यावर त्यानं मला विचारलं, "शिऱ्या, ही खरी गोष्ट हाय का रं?"

मी कव्हरवरचं वाचलं. "हो. खऱ्या माणसाची आहे."

"मंजू, त्यो परत लढणार म्हणतो न्हवं, तेवढं पुन्हा लाव."

तिनं तीनदा लावलं. चहा घेता घेता दादा सहज बोलावं तसं म्हणाला, "हिवाळ्यात एका क्लबात लढती हायत. बाहेरच्यांनाबी घेत्यात. मी नाव देतो."

"पस्तिशीला आलास तू," मी म्हणालो. "कुणासाठी हे?"

"आबा हायत तंवर," दादा म्हणाला. "त्यांनी माझी शेवटची लढत बघितलीच न्हाई."

मीही आबांचाच मुलगा होतो, पण आबा आहेत तोवर त्यांना दाखवावं असं माझ्याकडे काय होतं? बँकेतली खुर्ची?

दादा तयारीला लागला. सुट्टीच्या सकाळी सलमाबादहून रिफ्याच्या रस्त्यानं धावायचा. कॅम्पच्या आवारात पोतं टांगलं. त्याच्या खोलीतला बशीर, पेशावरकडचा धिप्पाड क्रेन ऑपरेटर, ते पोतं मिठी मारून धरून ठेवायचा आणि दर ठोशाला "यल्ला, वसंत!" म्हणायचा, म्हणजे चल, मार. नलिनी मटणाचा अळणी रस्सा करून डबा पाठवायला लागली. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तापानं फणफणलो तेव्हासुद्धा असा अळणी रस्सा मला मिळाला नव्हता. मी तसं बोलून दाखवलं. ती हसली आणि म्हणाली, "तुम्हीही लढा, तुम्हालाही देते."

लढतीच्या आधी दादानं माझ्याकडे एक गोष्ट मागितली. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच. बँकेतल्या एका मित्राकडे व्हिडिओ कॅमेरा होता, खांद्यावर घ्यायचा, जड. "लढतीची कॅसेट करून आबांना दाखव. दुसऱ्या कुणाला सांगू नगंस. तूच घे. तुझा हात थरथरत न्हाई."

क्लबच्या मोकळ्या आवारात दोर लावून रिंगण केलं होतं. खुर्च्यांवर सूटवाले आणि पांढरे तोब, म्हणजे पायघोळ झगे, घातलेले अरब, मागे आमची कॅम्पची माणसं दाटीवाटीनं. दादाच्या समोर रिफ्याचा यूसुफ नावाचा तरुण, लांब हातांचा, दादापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. तीन फेऱ्या. मी एक डोळा मिटून, दुसरा कॅमेऱ्याच्या काचेला लावून उभा. पहिल्या फेरीत दादानं नुसता मार खाल्ला. एक ठोसा असा बसला की त्याचा गुडघा खाली टेकला. पंच आकडे मोजू लागला आणि माझ्या मनात, का कुणास ठाऊक, एक गार झुळूक येऊन गेली... राहा आता खालीच. आणि पुढच्याच श्वासाला मी बेंबीच्या देठापासून ओरडत होतो, "दादा, ऊठ! डावा मार, डावा!" दोन्ही मीच होतो.

दादा उठला. दुसऱ्या फेरीत तो मागे सरायचा थांबला. त्याचे पाय जड झाले होते, पण यूसुफ कधी पुढे येणार हे त्याला आधीच कळत होतं. यूसुफ डाव्या खांद्यानं झुकला की दादाचा उजवा हात बरगडीखाली जायचा. एकदा, दोनदा, पुन्हा. तिसऱ्या फेरीत तो तरुण तोंडानं श्वास घेऊ लागला आणि आमच्या माणसांचा आवाज इतका चढला की माझा मलाच ऐकू येईना. पंचांनी दादाचा हात वर केला. बशीरनं त्याला खांद्यावर घेतलं. हूऱ्याचा दुकानदार, टॅक्सीवाले, बंगल्यांवरचे स्वयंपाकी, सगळे त्याच्या अंगाला हात लावायला धावले. मंजू त्याच्या गळ्यात होती. मी कॅमेरा खाली ठेवू शकत नव्हतो. कुणीतरी ते घ्यायलाच हवं होतं.

दादाला रजा मिळाली नाही, म्हणून कॅसेट मीच गावी नेली. तालुक्याहून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणला, ओसरीवर मांडला. भर दुपारी सगळी आळी गोळा झाली. आबांना उशांना टेकवून बसवलं. मी त्यांच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून. पडद्यावर दादा आला तसे आबा ताठ झाले. गुडघा टेकला तेव्हा त्यांच्या घशातून कसलासा आवाज आला. शेवटी दादाचा हात वर गेला, तेव्हा आबांनी डावा हात पुढे केला. मी टीव्ही जवळ सरकवला. त्यांनी पंजा काचेवर ठेवला, दादाच्या तोंडावर, आणि ते रडले. मी जिवंत, त्यांच्या हाताच्या अंतरावर बसलो होतो.

त्यांनी खूण केली, पुन्हा लाव. मी लावली. या खेपेला आबांनी मान वाकडी करून ऐकलं आणि जड जिभेनं विचारलं, "ह्यो... कोण बोंबलतोय?"

दादाची बायको पदराआडून हसत म्हणाली, "मामंजी, भाऊजी हायत की. त्येंनीच काढलीया ही फिलीम."

आबांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी वाट बघत होतो, पहिला नंबर काढल्यावर बघायचो तशी. मग ते म्हणाले, "डावा न्हवं... उजवा. त्याला... कळलं. तुला न्हाई."

सगळी ओसरी हसली. मीही हसलो. पुढे दोन वर्षं, आबा जाईपर्यंत, ती कॅसेट घरात लागत राहिली. दादानं त्यासाठी टीव्ही आणि व्हीसीआर पाठवून दिला होता. म्हणतात, शेवटी शेवटी चित्रात नुसत्या पांढऱ्या रेघा यायच्या आणि माझा आवाज तेवढा स्वच्छ ऐकू यायचा. मला हे कुणी सांगितलं की बरं वाटतं, आणि बरं वाटल्याचा रागही येतो.

त्यानंतर दादा पुन्हा लढला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "झालं की. खलास." त्याला एवढंच हवं होतं, आणि ते त्याला मिळालं. हवं तेवढं मिळालं आणि तो थांबला, याचा मला जितका हेवा वाटला तितका त्याच्या जिंकण्याचाही वाटला नाही.

दादा गेल्यावर त्याचा देह घेऊन मी गावी गेलो, सगळं केलं आणि परत आलो. परवा सलमाबादला त्याचं सामान आणायला गेलो. आणण्यासारखं फारसं नव्हतं. त्याचं जॅकेट एकानं घातलं होतं, रेडिओ दुसऱ्याच्या उशाशी होता, त्याची पेटी बशीरनं पुसून ठेवली होती, तिच्यात दोन कपडे. बशीरनं मला चहा दिला. मी त्याच्याकडे बघत होतो. पंधरा वर्षांतला बहुतेक काळ ह्या माणसानं माझ्या भावाचं घोरणं ऐकलं होतं...

तेवढ्यात शिफ्ट सुटली. माणसं एकेक करत खोलीकडे येऊ लागली, आणि मी पाहिलं, प्रत्येक जण आत येताना दाराच्या चौकटीवर एक ठोसा मारत होता. ठक्. पुढचा आला. ठक्. चौकटीचा रंग त्या जागी उडून आतलं लाकूड दिसत होतं.

"हे काय?" मी विचारलं.

बशीर म्हणाला, "वसंत यहाँ खड़ा रहता था, भाईजान. हथेली आगे करके. बोलता था, दिन भर का ग़ुस्सा यहाँ मार, फिर अंदर आ." त्यानं चौकटीकडे बोट दाखवलं. "अब हथेली नहीं है, तो..."

निघताना पेटी मी डाव्या हातात घेतली आणि दारात थांबलो. मूठ वळली. चौकटीवर मारली. लागलं. मारायचं कसं हे मी कधीच विसरून गेलो होतो, बोटांचे सांधे सोलवटले.

बशीर मागून म्हणाला, "और मारो, भाईजान. सब मारते हैं."

मी पेटी खाली ठेवली आणि डावी मूठही वळली.