पोटाशी अडकलेली माळ

पुंजाजीला स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं असेल, तर त्यानं पुढं येऊन सांगावं. जेवताना हा माणूस दोनदा उठायचा, कीर्तनातून मध्येच बाहेर जाऊन चपला जागेवर आहेत का ते बघून यायचा. डोणगावात आम्ही त्याला भिंगरी म्हणायचो. फक्त रविवारी सकाळी ही भिंगरी ओट्यावर मांडी घालून बसे, कारण रविवारी पुंजाजी काविळीची माळ द्यायचा.

माळ म्हणजे एका रानवेलीच्या मुळांचे बारीक तुकडे, दोऱ्यात खास गाठीनं गुंफलेले. माथ्यावर जेमतेम बसेल एवढीच ती असायची. मुळं वाळली की गाठी सैल होत, माळ लांबत जाई, डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून कमरेवर उतरे आणि शेवटी पायाशी गळून पडे. पडली की कावीळ उतरली! बहुतेकांची कावीळ आपली आपणच बरी होते, हे आम्हाला कोण सांगणार? श्रेय माळेला जायचं.

माळेचे नेम दोन. पैसा घ्यायचा नाही, आणि पोटुशी बाईला माळ द्यायची नाही. तिला ‘बाळंत होऊन ये’ म्हणून परत पाठवायचं. का, ते पुंजाजीच्या बापानं त्याला सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही विचारलं नव्हतं. परत पाठवलेल्या बायकांचं पुढं काय झालं, हेही गावात कुणी विचारलं नाही.

१९७७ च्या उन्हाळ्यात त्याची थोरली लेक विमल देऊळघाटच्या सासरहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बैलगाडीतून उतरली तेव्हाच तिचे डोळे हळदीसारखे पिवळे होते. बनाबाईनं, तिच्या आईनं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तशीच नवऱ्याकडं वळली.

“लोकाच्या लेकीले माळ देता, अन् आपल्या लेकीले काऊन नाई?”

“पोटुशी हाय ते. नेम हाय.”

“नेम तुमच्या बापाचा. लेक माही हाय.”

पुंजाजीनं घराला चार फेऱ्या मारल्या, विहिरीवर जाऊन आला, आणि मग मुळं तोडायला बसला. विमलनं मान खाली केली. बापाच्या हातची माळ तिला लहानपणापासून ठाऊक होती, तिचा विश्वास आमच्यापेक्षा जास्त.

माळ नेहमीसारखी उतरली. डोक्यावरून गळ्यात आली, छातीवर आली आणि पोटाच्या उंचवट्यावर येऊन अडकली. सातव्या महिन्याचं पोट, ती खाली जाणार कशी? सरळ गोष्ट होती. पण सरळ गोष्ट दिसायला डोकं ठिकाणावर लागतं. घरानं ठरवलं की कावीळ पोटापर्यंत उतरली आहे, आता तेवढा टप्पा पार झाला की सुटली. हातानं ओढावी तर कावीळ उलटून डोक्यात चढते म्हणे. मग वाट बघणं आलं. ताकभात, उसाचा रस आणि वाट बघणं.

पुंजाजीचे ते दिवस बघवत नव्हते. दर थोड्या वेळानं लेकीजवळ यायचा, दोऱ्याखाली बोट घालून सैल झाला का बघायचा, बाहेर जायचा, परत यायचा. विमल अंग खाजवून रक्त काढायची, खाल्लेलं ओकून टाकायची. मी त्याला म्हटलं, बुलडाण्याला ने. तर म्हणतो, “माळ देनाऱ्यानंच दवाखाना धरला, तं लोक काय म्हनतील?” माणूस लोकांना इतका भितो, याचा मला आजही संताप येतो.

मग एका दुपारी विमल आपल्या आईलाच “आत्याबाई, चहा ठेवू का?” असं विचारू लागली. सासूला ती आत्याबाई म्हणायची. बनाबाईनं हंबरडा फोडला. पुंजाजीनं विळ्यानं माळ कापली, लेकीला उचललं आणि मेहकरची एसटी हात दाखवून रस्त्यातच थांबवली.

मेहकरहून पुढं बुलडाण्याला नेल्यावर डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, “हिनं सुई कुठं टोचून घेतली होती?” बनाबाईला विमलनं सांगितलेलं आठवलं. देऊळघाटला सायकलवर एक जण यायचा, पोटुशी बायकांना ताकदीचं इंजेक्शन द्यायचा. सगळ्यांना एकच सुई, तीही नुसती पुसून.

“एकीच्या रक्तातली कावीळ अशी दुसरीला जाते,” बाई म्हणाल्या. “आईची बाळालाही जाते. लवकर आणली असती तर वाचलीच असती, असं खोटं सांगणार नाही. पण आम्हाला झगडता तरी आलं असतं.”

मूल मेलेलंच जन्मलं. दुसऱ्या दिवशी विमल गेली.

तेरवी झाली, आणि पुढच्या रविवारी ओट्यासमोर नेहमीसारखी माणसं येऊन बसली. पुंजाजी दारात उभा राहिला.

“उठा! माळबीळ काई नाई. माही विमल ह्या माळेपायी गेली. दवाखान्यात जा सारे.”

कुणी हललं नाही. मेहकरकडचे नारायणराव, वयानं मोठे, समजुतीच्या सुरात म्हणाले, “माळेले काऊन दोष देता, भाऊ? पोटुशीले देऊ नये, हा नेम तुमीच मोडला. उलट माळ तं खरीच निघाली.”

सगळ्यांच्या माना हलल्या. पोरीच्या मरणाचं श्रेयसुद्धा त्यांनी माळेच्या पदरात टाकलं!

मागच्या बाजूला शालूबाई आपल्या नणंदेला घेऊन आली होती. नणंद दिवस भरत आलेली, डोळे पिवळे. नेम कानावर पडताच तिनं ओशाळून पदर सावरला आणि जमिनीला हात टेकून उठली. “चाला वहिनी,” ती म्हणाली. “बाळंत झाल्यावर येऊ.”

पुंजाजीनं ओट्यावरून उडी टाकली. माणसांतून वाट काढत तो अनवाणी तिच्या मागं धावला आणि आडवा उभा राहिला.

“घरी नाई जायचं, माय.”

“मंग कुठं, बाबा?” पोर घाबरून म्हणाली.

“बुलडान्याले. मी येतो संग.”

शालूबाईनं एकदा त्याच्याकडं आणि एकदा नणंदेकडं पाहिलं, आणि गाठोडं डोक्यावर घेतलं. तिघं एसटीच्या रस्त्याला लागली. ओट्यासमोरची माणसं पुंजाजी परत येऊन माळ देईल म्हणून तशीच बसून राहिली.