कुणाच्या तरी उपयोगी

"सुमती गेली... येशील ना?" फोनवर विनायककाका एवढंच बोलू शकले. मी डॅलसहून विमान पकडून शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या त्यांच्या घरी पोचले, तोवर मेडिकल कॉलेजची गाडी काकूंना घेऊन गेली होती. शेवटचं बघणं राहूनच गेलं.

सुमतीकाकू माझ्या नात्यातल्या नव्हत्या. न्यूयॉर्कचे टॉवर्स पडले त्याच्या पुढच्या वर्षी मी शिकायला अमेरिकेत आले आणि पहिला हिवाळा त्यांच्या घरी काढला. नागपूरला तत्त्वज्ञान शिकवलेल्या काकू इथल्या कम्युनिटी कॉलेजात नीतिशास्त्र शिकवत. उपयुक्ततावाद मांडणारा तो जुना इंग्लिश कायदेपंडित म्हणजे त्यांच्या घरचाच माणूस. त्याला त्या 'आमचा म्हातारा' म्हणत. पोळ्या लाटता लाटता सांगायच्या, "कायदा चांगला की वाईट? म्हातारा म्हणतो, माणसांचं सुख वाढतं की दुःख, तेवढं बघा." त्यानं स्वतःचा देह डॉक्टरांच्या अभ्यासासाठी दिला होता, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

कॅन्सर हाताबाहेर गेल्यावर काकूंनी देहदानाचा फॉर्म आणला. मी तेव्हा भेटायला गेले होते. काकांनी विचारलं, "अस्थी कधी मिळतील?"

"वर्ष-दीड वर्षानं."

"तोवर मी काय करू, सुमती?"

काकू फॉर्म त्यांच्यापुढे सरकवून म्हणाल्या, "अहो, तुमचं दुःख मी हिशेबात धरलंच नव्हतं. नको असेल तर फाडून टाका."

पंधरा दिवस तो कागद टेबलावर पडून होता. मग काकांनी साक्षीदार म्हणून सही केली. का, ते मला नंतर फोनवर म्हणाले, "ती माझ्यासाठी फॉर्म फाडायला तयार झाली गं. मग नाही म्हणवेना."

काकू गेल्या त्याला आता सहा आठवडे झाले. तेव्हा मी चार दिवस राहिले होते. परत निघाले त्या सकाळी काकांनी मला विमानतळावर सोडायला गाडी काढली. काकू जेमतेम पाच फूट. काकांशेजारची त्यांची सीट पार पुढे ओढलेली होती. बसले तर गुडघे डॅशबोर्डला टेकले. सीट मागे सारायला मी खाली हात घालून खटका शोधू लागले.

समोरच्या रस्त्यावरची नजर न हलवता काका हळूच म्हणाले, "राहू दे."

मी हात काढून घेतला. पाय दुमडून, विमानतळ येईपर्यंत तशीच बसून राहिले.