साहेबीचा वेल आणि माझी कात्री

हातातला चहा आधी संपवा, मग सांगतो. मागे एकाला मध्येच सांगितलं, तर त्याच्या नाकातून चहा बाहेर आला.

मी लातुरात बारावीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवतो. वीस वर्षं झाली. कोणतं पोरगं पुढं जाणार आणि कोणतं मागं राहणार, हे मी पहिल्या आठवड्यातच ओळखतो, असा माझा समज होता. त्या समजानंच माझा घात केला हो!

माझे सासरे, अप्पा, उदगीरचे. कापडाचं दुकान, कपाळाला भस्म आणि अंगणात द्राक्षाचा एक जुना वेल. जात साहेबी. गुलाबीसर मणी, पातळ साल. हल्ली बाजारात औषधालाही मिळत नाही. महाशिवरात्रीला पहिला घड महादेवापुढं ठेवल्याशिवाय अप्पा एक मणीही तोंडात घालत नाहीत. त्या अंगणात गोदाम बांधायचं ठरलं आणि वेल जाणार हे नक्की झालं. अप्पांनी त्याच्या काड्यांची जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली.

"जावईबापू, ही जात आता तुमच्या हातात हाय. शिवरात्रीचा घड आता तुमच्याकडूनच न्यायचा."

त्यांचे डोळे भरले होते. मी म्हणालो, "अप्पा, काळजीच सोडा!"

काड्या घेऊन थेट नांदेड रोडवरची करीमभाईंची रोपवाटिका गाठली.

करीमभाई म्हणाले, "सर, आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार लई. खुंटावर कलम बांधू. म्हणजे खाली मुळं रानटी द्राक्षाची अन् वर तुमची साहेबी. हा खुंट बघा, शांत हाय. जुन्या जातीला मानवतो."

"आणि तो पलीकडचा, उंच?"

"त्यो लई जोराचा. त्याच्यावर जुनी जात बांधली की नुसता पाला येतो, घड न्हाई."

"तोच द्या!"

"सर, ऐका तर खरं..."

"करीमभाई, मी वीस वर्षं पोरं निवडून राहिलो. जोर म्हणजे काय ते मला सांगू नका!"

जुडीतली एकच काडी धड निघाली; बिचाऱ्यांनी तिचं त्याच खुंटावर कलम बांधलं, प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळली आणि हात जोडून म्हणाले, "एवढं मात्र ध्यानात ठेवा. पट्टीच्या खालून जे फुटंल ते खुंटाचं, दिसलं की खुडायचं. पट्टीच्या वरचं तेवढं आपलं."

साधी गोष्ट आहे की नाही? सातवीतलं पोरगंसुद्धा लक्षात ठेवील!

पण मी घरी येऊन रोप लावलं आणि प्रेमापोटी बुडाशी दोन पाट्या शेणखत ओतलं. पट्टी त्यात गाडली गेली. महिन्याभरात दोन फुटवे दिसायला लागले. एक वीतभर, मान खाली घालून बसलेला. दुसरा मात्र गच्चीच्या जिन्याला जाऊन भिडला. आता तुम्हीच सांगा, तुम्ही कोणाला ठेवलं असतं?

बायको म्हणाली, "अहो, खत बाजूला करून पट्टी बघा की. नाहीतर करीमभाईंना फोन लावा."

"सुनीता, निकाल डोळ्यासमोर दिसून राहिला, अन् फोन कशाला?"

घेतली कात्री आणि त्या वीतभर पोराला वर्गाबाहेर काढलं. कचाकच!

त्यानंतर वेल जो सुटला! जिना गेला, गच्ची गेली, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या गेल्या. मी पोरांना मुद्दाम घरी बोलावून दाखवायचो, "बघा, याला म्हणतात तयारी!" लांबून फोटो काढून अप्पांना पाठवायचो. अप्पा फक्त हात जोडल्याचं चित्र पाठवायचे. मला वाटायचं, भरून आलंय त्यांना.

पहिली शिवरात्र कोरी गेली. कलम लहान आहे, चालायचंच. दुसरी जवळ आली, तरी पाल्यात एक घड दिसेना. मी म्हणालो, काही पोरं शेवटच्या आठवड्यात चमकतात. आणि शिवरात्रीला सकाळीच अप्पा एसटीनं हजर! हातात पितळेचं ताट, ताटात बेलाची पानं. घडाची जागा रिकामी.

ते वेलाखाली उभे राहिले. एक पान खुडलं, उलटसुलट करून बघितलं. मग खाली बसले आणि बोटांनी शेणखत उकरायला लागले. पट्टी सापडली. माझा वेल तिच्या चांगला चार बोटं खालून निघाला होता.

"जावईबापू, वरचं कुठं हाय?"

"ते... कच्चं होतं, अप्पा. काढून टाकलं."

"म्हंजे साहेबी काढली अन् खुंट वाढवला?"

मला तोंड लपवायला जागा सापडेना. एवढी जुनी जात, अप्पांनी विश्वासानं दिलेली, आणि मी माझ्या हातानं संपवली! खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं. सुनीता आतून बघत होती.

अप्पांनी हळूच पिशवीत हात घातला. फडक्यात गुंडाळलेला एक घड निघाला. छोटासाच, पण गुलाबीसर. त्यांनी तो ताटात ठेवला.

"हा कुठला?" मी ओरडलोच.

"तुम्ही काड्या नेल्या त्याच दिशी दोन काड्या मागं ठेवल्या व्हत्या. गोदामामागं नळापाशी खोवल्या. खुंट न्हाई, कलम न्हाई. आपल्याच मुळावर आल्या."

"म्हणजे माझ्यावर तुमचा भरवसा नव्हता?"

"व्हता की! लई व्हता. म्हणून तर ठेवल्या."

सुनीता पदर तोंडाला लावून आत पळाली. अप्पांनी पिशवीतून पत्र्याचा एक डबा काढला. त्यात साहेबीचं मुळं धरलेलं रोप होतं. त्यांनी तो माझ्या हातात देऊन पुन्हा काढून घेतला आणि सुनीतेला हाक मारून तिच्या हातात दिला.

"पोरी, पाणी बेतानं घाल. खत थोडंच. अन् एक काम कर, हे जावईबापूंच्या नजरंआड लाव."

"का हो अप्पा?" मी विचारलं.

"लहान हाय अजून," अप्पा म्हणाले. "तुम्ही ह्याचीबी परीक्षा घ्याल."