तिसऱ्या पट्ट्याची लाज

गतवर्षी दिनांक १४ मे रोजी, भर दुपारी, माझ्या बहिणीच्या सासूबाईंची चप्पल घरासमोरच्या रस्त्याला चिकटली आणि त्या अनवाणी घरात आल्या. तक्रार मी त्याच दिवशी लेखी दिली. पोच मिळाली, उत्तर अद्याप नाही. रस्ता कोणी केला, हे गल्लीत कोणाला विचारावे लागले नाही. तो त्यांच्याच मुलाने, म्हणजे माझ्या भाऊजींनी केला होता.

भाऊजी रस्तेखात्यात मुकादम आहेत. स्वस्त मिश्रण कितपत टिकते हे खात्याला पाहायचे होते, म्हणून आमच्या रस्त्यावर एकापुढे एक तीन पट्टे टाकण्यात आले. पहिल्यात नेहमीचे डांबर, दुसऱ्यात जुन्या टायरांचा भुगा मिसळलेले, तिसऱ्यात स्वस्तातले मऊ. पावसाळा सरेपर्यंत कोणी हात लावायचा नाही, मग चाकोऱ्या किती खोल गेल्या ते मोजायचे, असा नियम. तिसरा पट्टा नेमका भाऊजींच्या दारात आला. खात्याने साधा फलकही लावला नाही.

ऊन तापले तसे डांबर वर आले.

"काय मुकादम, रस्ता केलात की साखरेचा पाक?" समोरच्या शिंप्याने विचारले.

"चाचणी आहे हो ती."

"कुणाची? आमच्या चपलांची?"

गल्ली हसली. आजीची चप्पल गेल्यावर तर लेकच म्हणाली, "बाबा, तुम्ही मागच्या दाराने येत जा ना." आणि ते खरोखरच येऊ लागले. उभा जन्म खडी-डांबरात काढलेला माणूस, स्वतःच्या घरात चोरासारखा.

एका सुटीच्या दुपारी त्यांनी गरम कच, म्हणजे खडीचा बारीक चुरा, त्या पट्ट्यावर पसरली आणि हातरोलर फिरवला.

"अहो, साहेबांनी पाहिलं तर?" बहीण दारातून म्हणाली.

"पाहू दे. आईच्या पायात चप्पल तरी राहील."

जादा डांबर कचीने पिऊन टाकले. पट्टा कोरडा, घट्ट झाला. शिंप्याने पाठ थोपटली. त्या संध्याकाळी भाऊजी पुढच्या दाराने घरात आले.

पावसाळ्यानंतर साहेब मोजपट्टी घेऊन आले. तिसऱ्या पट्ट्याच्या चाकोऱ्या पहिल्याइतक्याच उथळ! स्वस्त मिश्रण पसंत झाले, गावभर पसरले. या उन्हाळ्यात दवाखान्याच्या चढावर एका रुग्णाच्या ढकलगाडीची चाके डांबरात रुतली. रुग्णाला हातांवर उचलून न्यावे लागले. उचलणाऱ्यांत भाऊजी होते.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी साहेबांसमोर सगळे सांगून टाकले. साहेबांनी दार लोटून घेतले.

"मुकादम, अहवाल वर गेलाय. आता तोंड उघडलंत तर नोकरी तुमची जाईल आणि हसं माझं होईल."

तेव्हापासून भाऊजी भरल्या पानावरून उठतात. दवाखान्याचा रस्ता टाळतात. त्यांना कोणी हसत नाही, आणि तेच त्यांना सोसवत नाही. काल माझ्याकडे आले. बसलेही नाहीत.

"तुम्हाला तक्रारी लिहिता येतात. एक माझ्याविरुद्ध लिहा. नोकरीचं मी बघतो."

ती तक्रार ही.

वाचकहो, मागणी सरळ आहे. तो अहवाल रद्द करून चाचणी नव्याने घ्या, अशा अर्जावर सह्या करा. नवा पट्टा तुमच्या दारात आला आणि वितळू लागला, तर वितळू द्या. चपला हातात घेऊन चाला, पण पट्टा टाकणाऱ्याला हसू नका.