एका हाताखालच्या दोन गाड्या

कोलशेतच्या मिठागरात ज्या घराच्या तीन पिढ्यांनी पाय झिजवले, त्या घरातला धाकू भोईर मोटारसायकलच्या शर्यतीत कसा पोचला, हे त्याच्या बापाला शेवटपर्यंत उमगलं नाही. युद्धाच्या काळात धाकू कल्याणच्या लष्करी छावणीत हमाल म्हणून लागला आणि दोन वर्षांत गोऱ्या सार्जंटांच्या मोटारसायकली खोलून जोडू लागला. इंजिनाचं दुखणं तो कानानं ओळखायचा. पाना हातात घेण्याआधी डोळे मिटून नुसता ऐकत उभा राहायचा आणि मग म्हणायचा, "व्हॉल्व नाय, पिस्टन हाय." बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

युद्ध संपलं, छावणी ओस पडली. लष्कराच्या लिलावातून ठाण्याच्या परशुरामशेठनी दोन मोटारसायकली उचलल्या आणि आपल्या गॅरेजच्या नावानं शर्यतीचा संघ काढला. कल्याणपलीकडे नेवाळीला विमानांसाठी बांधलेली धावपट्टी रिकामीच पडली होती. थंडीच्या दिवसांत तिथं शर्यती भरायच्या. शेठच्या संघात रायडर दोन, धाकू आणि फेलिक्स.

फेलिक्स खाडीकाठच्या ख्रिस्ती शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणी दोघं एकाच बांधावर खेकडे धरत मोठे झाले. फेलिक्सची आई, ज्युलियाना, दोघांना चुलीसमोर बसवून गरम भाकरी वाढायची, आणि आपल्या मुलाआधी धाकूला. मोठेपणी फेलिक्स शर्यतीच्या पंचांशी फाडफाड इंग्रजी बोले, पण धाकूशी मात्र गावची बोली. दिसायला देखणा, वळणावर बेडर. वेगात तो धाकूपेक्षा उजवा होता आणि हे धाकूला पक्कं ठाऊक होतं.

आता शेठची पद्धत ऐका. शर्यतीच्या गाड्यांना दुसरा मेकॅनिक ठेवायचा नाही, दोन्ही गाड्या एका हाताखाली. म्हणजे फेलिक्सची गाडीसुद्धा धाकूनंच जुळवायची. ज्याला हरवायचं त्याच्याच हाती आपला जीव द्यायचा! कुठल्या शहाण्यानं असा संघ चालवला असेल? पण शेठ त्याला आपली हुशारी समजत. दोघं एकमेकांवर जळतील, जळतील तेवढे जोरात पळतील, असा त्यांचा होरा.

चोपन्न सालच्या थंडीत शेठनी सांगून टाकलं, मद्रासच्या मोठ्या शर्यतीला एकच रायडर जाणार. नेवाळीला दोघांत जो पुढे येईल तो. मागे राहील त्यानं आयुष्यभर गॅरेजात पंक्चरं काढावीत. एवढ्यावर भागलं नाही म्हणून की काय, त्यांनी दोघांचे कान भरले. फेलिक्सला एकटं गाठून म्हणाले, "धाकू चांगलं ते स्वतःच्या गाडीत घालतो. डोळे उघडे ठेव." धाकूला म्हणाले, "तुझ्या शेजारी उभं राहायची फेलिक्सला लाज वाटते. मिठागरवाला म्हणतो तुला." दोन्ही साफ खोटं. एकमेकांना सरळ विचारलं असतं तर तिथल्या तिथं सोक्षमोक्ष लागला असता. पण विचारतो कोण? दोघं वेगवेगळ्या कोपऱ्यात डबा खाऊ लागले.

धाकूच्या डोक्यात मद्रासशिवाय काही उरलं नाही. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणारा एक पितळी जेट असतो, शेंगदाण्याएवढा, त्यावर भोकाचा आकडा कोरलेला. मोठ्या भोकाचा जेट पेट्रोल जास्त सोडतो, इंजिन थंड राहतं, गाडी जरा जड चालते. लहान जेट घातला तर गाडी पिसाळल्यासारखी पळते, पण लांब सरळ पट्टीवर इंजिन तापून पिस्टन जाम होण्याची भीती. धाकूनं फेलिक्सच्या गाडीत मोठा, भरवशाचा जेट घातला आणि स्वतःच्या गाडीत लहान. इंजिनाचा आवाज जरा घट्ट झाला की ॲक्सिलरेटरची मूठ सैल करायची, निवलं की पुन्हा पिळायची, एवढा त्याचा आपल्या कानांवर विश्वास होता. फेलिक्स एकदा पिळलेली मूठ सोडणाऱ्यांतला नव्हता. तेव्हा धाकूनं त्याला फसवलं असं म्हणता येत नाही, उलट जपलंच. फक्त सांगितलं नाही.

शर्यतीच्या सकाळी धाकू नंबरच्या पाट्या आणायला पंचांच्या तंबूकडे गेला. परतला तेव्हा फेलिक्स गाड्यांपाशी फडक्यानं हात पुसत होता. त्यानं नजर चुकवली. धाकूला वाटलं, घाबरलाय.

निशाण पडलं आणि धाकूला पहिल्याच फेरीत कळलं की गाडीला जोर नाही. फेलिक्स मात्र सुटला तो सुटलाच. धाकू जिद्दीनं त्याच्या मागे चिकटून राहिला. तीन फेऱ्या उरल्या असताना लांब पट्टीवर त्याला पुढच्या इंजिनाचा आवाज बदललेला ऐकू आला. घट्ट होत चाललेला.

"मूठ सोड! फेलिक्स, सोड!" तो जीव तोडून ओरडला. त्या गदारोळात कुणाला ऐकू जाणार?

फेलिक्सचं मागचं चाक जागच्या जागी थांबलं. गाडी आडवी झाली आणि त्याला घेऊन कडेच्या लोखंडी पिंपांवर आदळली. धाकूनं एकदा मान वळवून पाहिलं. पंचांची माणसं धावत होती. आणि धाकू थांबला नाही. त्यानं उरलेल्या फेऱ्या पुऱ्या केल्या, तिसरा आला, संघात पहिला. मद्रास त्याचं झालं.

दुपारी त्यानं आपला कार्बोरेटर खोलला. आत मोठा जेट होता. तो हातात धरून धाकू कितीतरी वेळ तिथंच उकिडवा बसला. फेलिक्सनं सकाळी आकडे पाहून दोन्ही जेटांची अदलाबदल केली होती. चांगला तो धाकूनं स्वतःला ठेवलाय, एवढंच त्याला कळलं होतं.

शेठ आले आणि खांदा थोपटून हसले. "मद्रासची तयारी कर. हे जमवलंस कसं, ते मी विचारणार नाही." धाकूच्या ध्यानात आलं. आपण मुद्दाम केलं असं या माणसाला वाटतंय, आणि तो खूश आहे! गॅरेजातल्या बाकीच्यांनी तर त्याच्याकडे पाहायचंच सोडलं होतं.

फेलिक्सचा उजवा पाय मांडीपासून कापावा लागला. आठव्या दिवशी धाकू दवाखान्यात गेला. दोघंच होते. फेलिक्स छताकडे बघत म्हणाला, "तू सांगतला का नाय मना?"

"सांगतला असता तर तू आयकला असता?"

"नाय."

दोघांनाही रडू फुटलं. तेवढ्यात पेजेचा डबा घेऊन ज्युलियाना आत आली. धाकूला पाहून दारातच थबकली.

"तुझे हातची गाडी होती," ती म्हणाली. "गाव काय काय बोलतो. मना खरा सांग धाकू, तू केलास?"

धाकूनं फेलिक्सकडे पाहिलं. आता बोलेल, आता बोलेल म्हणून वाट पाहिली. फेलिक्सनं भिंतीकडे तोंड फिरवलं. पाय तर गेलाच होता, आता आईपुढे चोर व्हायचं बळ त्याच्यात नव्हतं. धाकूला त्याचा संताप आला, आणि त्याच क्षणी डोळ्यांपुढे ती पिंपं आली, धावणारी माणसं आली, आणि न थांबलेला तो स्वतः.

"मीच केला, मावशी."

ज्युलियानानं डबा खाली ठेवला. "तुला मी भरवलाय रे माझे हातान." मग म्हणाली, "देवासाठी मी तुला माफ केला. पन माझे दारात पाय ठेवू नको."

धाकू मद्रासला गेला नाही. शेठनी आठवडाभरात दुसरा रायडर पाहिला. गॅरेजात धाकूच्या हाती गाडी द्यायला कुणी धजेना. ज्यानं दोस्ताचा पाय घालवला त्याच्याकडून ब्रेक कोण आवळून घेईल? तो शहाडकडच्या एका कारखान्यात गोण्या वाहू लागला. रस्त्यानं एखादी मोटारसायकल गेली की अजूनही त्याचे डोळे मिटायचे, दुखणं कळायचं, आणि तो गोणी उचलून पुढे चालायचा. घरी बायको बायजा विचारी, "तू खराच केलास का?" तिलासुद्धा तो हो म्हणाला. एकदा बोललेलं एकीला वेगळं आणि दुसरीला वेगळं कसं सांगणार?

चार वर्षांनी, अठ्ठावन्न साली ज्युलियाना गेली. धाकू दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभा राहिला, आत गेला नाही. सगळे पांगल्यावर फेलिक्स कुबड्या टेकत त्याच्यापाशी आला. चार वर्षांत पहिल्यांदाच दोघं इतके जवळ उभे होते.

"आता सांगतो सगल्यांना," फेलिक्स म्हणाला. "आता सांगायला मना कसलीच भीती नाय."

धाकूनं ओल्या मातीच्या त्या ढिगाकडे पाहिलं.

"आता कुनाला सांगशील?" तो म्हणाला, आणि शहाडच्या पाळीला उशीर होत होता म्हणून निघाला.